तालमीतनं परत आणलेली माती

ग्यानबा, तुझ्या बाराव्याला मी आलो न्हाय. आख्खा गाव जेवून गेला, अन् ज्याच्या बांधाला तुझा बांध त्यो हुसेन तेवढा आला न्हाय, म्हणून बायका पाणोठ्यावर बोलल्या. कुणी म्हणली, मुसलमानाला बाराव्याचं काय? कुणी म्हणली, भांडान हुतं की दोघांचं, माणूस मेलं तरी राग गेला न्हाय. ही दुसरी खरं बोलली. राग गेला न्हाय. आता हितं बांधावर बसून तुझ्याशी बोलतोय तेबी रागानंच बोलतोय. मधनंमधनं डोळं पुसतोय म्हणून उगं गैरसमज करून घिऊ नकोस.

त्या दिवशी मी गावात न्हवतोच. गाडी जुपून कोल्हापूरला गेलतो, मंगळवार पेठंत, तुझ्या त्या लाडक्या तालमीच्या दारात. का गेलतो ते सांगतो. जिता असताना माझं कधी ऐकलं न्हाईस, आता तरी मधी तोंड घालायची सोय न्हाय तुला.

वाटणीत तुला तुझ्या भावांनी अन् मला माझ्या चुलत्यांनी एकाच माळाचं दोन तुकडं दिलं. उताराचा माळ. वर तुझं रान, खाली माझं. काळी रानं नदीकडंची, ती ज्येनं त्येनं आधीच धरली. आपल्या वाट्याला तांबडा मुरूम, कुसळसुदिक उगवायचं तर दहादा विचार करंल असला. वाटणी झाली त्या दिवशी तू कमरंवर हात ठिवून म्हणलास, "हुस्न्या, आपल्याला रान न्हाय दिलं, दगडं दिल्यात."

मी म्हणलो, "मग दगडांचंच पीक काढू."

अन् काढलं की. दोघांनी मिळून गोटं वेचलं अन् त्याच गोट्यांचा मधी बांध घातला, आडवा, तुझ्या रानाच्या पायथ्याला. पाऊस पडला की पाणी जायचं, माती अडायची. पयल्या साली अडली किती, तर भाकरीच्या तव्यावर पीठ भुरभुरावं तेवढी. तू तेवढ्यावरबी खूश. मला म्हणलास, "आली का न्हाय?" मी म्हणलो, "आली, आता तुझी बायको हिच्यात घर सारवंल अन् संपंल."

पुढची सगळी खुळं तुझ्या डोक्यातनं निघाली. आपल्याकडं समदी डोंगरकडची माणसं पाला-फांद्या तोडत्यात, वाळवत्यात, अन् रोपाच्या वाफ्यावर राब म्हणून जाळत्यात. बापजाद्यांपासनं चालत आलेलं. तू एकला उभा ऱ्हायलास, "जाळणार न्हाय" म्हणून. "धूर देवाला, राख वाऱ्याला, अन् रानाला काय? त्यो पाला रानातच कुजू दे की." पाला पसरलास तर लोक हसली. मग ताग पेरलास, त्यो कमरंच्या वर आला, पिवळा फुलला, अन् भर फुलात नांगर घालून गाडून टाकलास. तानूवहिनीनं कपाळावर हात मारला. उभं पीक मातीत घालणारा नवरा तिनं बघितला न्हवता. माझ्याकडं येऊन म्हणाली, "भावजी, ह्येंला काय बाधलंय का बघा." मी आलो, तुला शिव्या दिल्या, अन् पुढच्या साली माझ्या रानात तागच पेरला. हे तू कधी मला विसरू दिलं न्हाईस.

उन्हाळ्यात बिरू धनगराची मेंढरं आधी तुझ्या रानात बसायची, मग माझ्या. घरात जोंधळं कमी, तरी बिरूचं देणं आधी काढायचास. मेंढरू एका जागी मुतलं-लेंडकलं की तेवढ्या ठिकाणची नाचणी काळीभोर यायची. तू आपला मेंढरांभवतीच्या जाळीच्या, वाघरीच्या काठ्या जरा हिकडं, जरा तिकडं सरकवत बिरूचं डोकं खायचास. बिरू म्हणायचा, "ह्यो माणूस मेंढरास्नी मुतायला जागा नेमून देतोय." हुलगा काढला की नाचणी, नाचणीत तूर, तूर काढली की परत ताग. रान उघडं म्हणून ठिवायचं न्हाय. बायको उघडी ठिवशील का, मग रान कसं ठिवतोस, म्हणून मला भर बाजारात विचारलंतास. लाज म्हणून न्हवतीच तुला.

लगीन झाल्यावर आपण ह्ये खूळ धरलं अन् तुझ्या पोराला, शिवाला, मिसरूड फुटली तवा कुठं माती, माती झाली. एक दिवस तू वरनं हाक मारलीस. मी दम खात वर आलो. तू मूठभर माती माझ्या नाकाला लावलीस. म्हणलास, "मुरमाला वास असतो का?" मी म्हणलो, "नसतो." "मग ह्येला कुठनं आला?" मुठीत एक गांडूळ वळवळत हुतं. तू त्येला असा जपून खाली सोडलास की तुझ्या शिवालाबी कधी तेवढा जपला न्हाईस. त्या दिवशी मी तुझ्याकडं बघितलं अन् मनात म्हणलो, ह्या माणसापायी आपलं आयुष्य बरं गेलं. तोंडानं म्हणलो न्हाय. म्हणायला पाहिजे हुतं, पण तुझ्या तोंडावर चांगलं बोललं की तू चढून बसायचास.

तितंच सगळं थांबायला पाहिजे हुतं. पण तुला मान पाहिजे हुता.

खोटं असलं तर सांग. आपल्या कोल्हापूरची माणसं, पोटाला चिमटा घेतील, पण कुस्तीचं नाव निघालं की अंगातला सदरा काढून देतील. त्यात महाराजांच्या राज्यात पैलवानाला दिवस आल्यालं. मैदानं भरायची, लांबलांबचं मल्ल यायचं, पेठंपेठंत तालीम. तू पोरपणी चांगला खेळायचास. गावच्या जत्रंत गुडघा निखळला अन् ते खेळणं संपलं. तवापासनं तुझ्या काळजात ते सलत हुतं. पाय वढत चालायचास, पण कुस्ती बघायला पयल्या रांगंत.

गावच्या जत्रंला कुस्तीच्या जागंवर टाकायला तू तुझ्या रानातली दोन पाट्या माती दिलीस. तिथवर ठीक. मंगळवार पेठंतलं वस्ताद पोरं घिऊन खेळायला आलतं. त्यांनी खाली वाकून माती उचलली, बोटांत चुरली, दुसऱ्या हातावर घेतली. गोटा न्हाय, खडा न्हाय, लोण्यासारखी. म्हणलं, "ही माती कुणाची?" अन् तुझी मान जी वर गेली ती पुन्यांदा खाली आलीच न्हाय.

चार दिवसांनी तू माझ्याकडं आलास ते हरकून. तालमीच्या हौदाला, पैलवान खेळत्यात त्या खड्ड्याला, माती पाहिजे. त्यांची जुनी झाली. तुझ्या रानाची नेणार.

मी म्हणलो, "दे की. एक गाडी दे, दोन दे."

"दोन गाड्यांनी हौद भरतोय व्हय? वरचा थर समदा द्यायचा."

मला आधी थट्टाच वाटली. मग तुझं तोंड बघितलं अन् हातातलं खुरपं खाली ठिवलं.

"ग्यानबा, तुला येड लागलंय का? वरचा थर म्हणजेच तुझं रान. त्येच्या खाली मुरूमच हाय की, जसाच्या तसा."

"परत करू की माती. एकदा केली न्हाय का?"

"परत करायला परत तेवढं वय लागतंय. ते कुठल्या तालमीत मिळतंय, सांग."

तू हसलास. "हौदाची माती कायमची नसती, हुस्न्या. बदलत्यात. बदलली की मी परत आणतो. ताक प्यालेली, तेल प्यालेली, पैलवानांच्या घामाची. उलट जास्त कसदार हुईल."

"गेलेली माती परत येत नसती," मी म्हणलो.

"येती," तू म्हणलास. एवढंच. जसं काय तिला सांगूनच पाठवणार हुतास.

गाड्या आल्या. गाड्या आत घ्यायला आपल्या बांधात खिंडार पाडलंस. दोघांनी रचलेला बांध तू एकट्यानं पहारीनं उचकटलास, मला नुसतं विचारलंबी न्हाईस. मी खालनं बघत उभा हुतो. तानूवहिनी दारात बसून हुती, पदर तोंडाला लावून. थराखालचा मुरूम उघडा पडत गेला, तांबडा, खरबरीत. मी तोंड फिरवून घरला गेलो.

हौद नवा झाला त्या दिवशी तुला पेठंत बोलावलं. फेटा बांधला, नारळ दिला, वस्तादांच्या शेजारी बसवलं. मी जाणार न्हवतो. गेलो. मागं गर्दीत उभा ऱ्हायलो, तुला दिसणार न्हाय असा. पयली जोडी हौदात उतरली. पैलवानानं वाकून माती उचलली, कपाळाला लावली, छातीवर घासली. अन् तू तितं गुडघा धरून ढसाढसा रडलास. सांगू का? माझाबी ऊर भरून आला. त्या मातीत माझ्या हातचंबी शेण हुतं, माझाबी पाला हुता. थोडा वेळ वाटलं, असू दे, ग्यानबाचा गुडघा न्हाय उतरला हौदात, पण माती तर उतरली. मग गाडीत बसून परत येताना डोळ्यापुढं तुझं उघडं रान आलं अन् परत डोक्यात सणक गेली. एका फेट्यापायी! चांगला माणूस, अन् त्येची किंमत काय, तर एक फेटा.

त्येच्यानंतर तू सुधारशील म्हणून वाट बघितली. खिंडार बुजवशील म्हणून वाट बघितली. तू आठवड्यातनं दोनदा पाय वढत पेठंत जायचास, फावडं घिऊन हौद उकरायचास, पोरास्नी शिकवायचास माती कशी हलती ठिवायची. अन् घरचा बांध सताड उघडा. मी म्हणलो, "खिंडार." तू म्हणलास, "उद्या." तुझा उद्या उजाडायच्या आधी पाऊस उजाडला.

त्या साली पावसानं झोडपून काढलं. वरचा थर न्हवता, ताग न्हवता, पाला न्हवता, पाणी धरायला काय म्हणून न्हवतं. जी काय माती कडंकडंनं उरलीती ती खिंडारातनं खाली आली, अन् तिच्या मागनं तुझा मुरूम, गोटं, सगळं माझ्या नाचणीच्या रोपावर. मी चिखलात उभा ऱ्हाऊन हातानं गोटं बाजूला करत हुतो. मग तसाच, चिखलानं माखलेला, चावडीपुढं आलो. तू तितं बसलावतास. माणसं हुती. मी म्हणलो, "अरं, तुझं रान तर घालवलंस, माझं तरी सोड."

अन् तू काय म्हणलास? तू माझ्याकडं बघितलंबी न्हाईस. शेजारच्याला म्हणलास, "आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, असलं चाललंय आमचं. माझी माती वाहून ज्याच्या रानात जाती, त्योच बोंबलतोय."

माणसं हसली.

मला कुत्रं म्हणलास, ग्यानबा. ज्येनं तुझ्या बरोबर वाकून वाकून पाठ मोडून घेतली, त्येला. म्हणजे तुझ्या मनात हे कधीपासनं हुतं? बांध घालताना हुतं? मेंढरं बसवताना हुतं? खालच्या रानाचा हुसेन वरच्या रानावर फुकट जगतोय, असं तू मोजत हुतास काय? मला दुसरं कायबी सोसलं असतं. शिव्या तर आपण रोजच द्यायचो. पण ती हसणारी माणसं अन् त्यांच्यात तू, ते सोसलं न्हाय.

तुझी माती माझ्या रानात आलीती, थोडी आलीती, खोटं कशाला बोलू. बांधाच्या कडंनं त्या साली नाचणी अशी माजली की मला बघवंना. कणसं भरली तवा ती तेवढी पट्टी मी कापली अन् बैलांपुढं टाकली. आमच्या घरात आरडाओरड झाली, "पोटात घालायचं ते गुरास्नी घालताय?" मी म्हणलो, "ते पीठ आपण खायचं न्हाय." बायकोला काय कळलं न्हाय, अन् मी सांगितलंबी न्हाय.

मग दोन वर्सं आपण बोललो न्हाय. बांधाला बांध, अन् तोंडाला तोंड न्हाय. सणाला शिवा पोळी घिऊन यायचा, ईदंला आमच्याकडनं शिरखुर्मा जायचा, भांडी रिकामी परतायची. भांड्यांनी नातं ठिवलं, आपण न्हाय.

अन् मग मानमोडी आली. घराघरात ताप, घराघरात खोकला, काल बोललेलं माणूस आज न्हाय. तुला ताप आल्याचं कळलं तसा मी चपला न घालता आलो. तानूवहिनी म्हणाली, "भावजी, ओळखत न्हाईत कुणाला." तू डोळं उघडलंस. तू मला चांगला ओळखलास. व्हट वाळलेलं. म्हणलास, "खिंडार बुजलं का रं?"

मी म्हणलो, "न्हाय."

तू भिताडाकडं तोंड केलंस. तेवढंच. दोन वर्सांनी एक वाक्य बोललास ते हे, अन् पुन्यांदा हिकडं वळला न्हाईस. ग्यानबा, ती माफी हुती का हुकूम हुता, मला आजतागायत कळंना. माफी असली तर नीट मागायची हुती. हुकूम असला तर कुठल्या तोंडानं सोडलास? अन् मीबी कसला, "न्हाय" म्हणलो अन् गप. पडल्या माणसाला खोटं सांगता आलं असतं. पण आपल्या दोघांत रानाबद्दल कुणी कधी खोटं बोललं न्हवतं.

दुसऱ्या दिवशी तू गेलास. गावात खांदा द्यायला माणसं मिळंनात, निम्मी आजारी, निम्मी भ्यालेली. एका बाजूला शिवा, एका बाजूला मी. तुझ्या मातीला एवढी कमी माणसं हुती की तू बघितलं असतंस तर परत उठून रुसून बसला असतास. कुठं त्यो फेटा, कुठं ती पयली रांग! तालमीतलं कोण म्हणजे कोण आलं न्हाय. त्यांना कळवायलाच कुणी गेलं न्हवतं, ते मला मागनं समजलं.

बाराव्याच्या आदल्या दिवशी बाजारचा एक गाडीवान सांगत आला, मंगळवार पेठंतल्या त्या तालमीतबी पोरं दगावल्यात, हौद ओस पडलाय. माती रोगट झाली म्हणून वस्ताद ती उपसून खाणीत टाकायला लागल्यात. ते ऐकलं अन् मी गाडी जुपली. बारावा गेला खड्ड्यात. तुझं जेवण जेवायला गाव हुता, तुझी माती आणायला माझ्याशिवाय कोण हुतं?

वस्ताद दारातच बसल्यालं, वाळून काठी झाल्यालं. म्हणलं, "पावणं, कुणीकडचं?"

मी म्हणलो, "ह्या मातीच्या गावचा. माती न्ह्यायला आलोय."

"नका न्हिऊ. रोगाची हाय."

"रोग माणसाला हुतोय, वस्ताद. मातीला न्हाय हुत. ही माती माझ्या ओळखीची हाय."

मग ते म्हणलं, "ग्यानबा का आला न्हाय? लई दिवस झालं. हौद त्येच्याशिवाय कुणी नीट उकरत न्हाय."

मी म्हणलो, "आज बारावा त्येचा."

म्हातारं डोक्याचा पटका काढून हातात घिऊन तसंच बसलं. मग उठलं अन् स्वतः फावडं घेतलं. जी हौदात उरलीती ती भरली. जी खाणीत टाकलीती ती मी खाणीत उतरून पाटीनं वर काढली. एका दिवसाचं काम न्हवतं, मी फेऱ्या मारल्या. जेवढी गेलीती तिच्या निम्मीबी आली न्हाय. अन् जी आली ती तरी कसली! तेलकट, हळदीची, आंबलेल्या ताकाचा वास. मुठीत दाबली तर गोळा व्हायची, सुटायचीच न्हाय. तुझ्या रानातली माती मूठ उघडली की कशी मोकळी व्हायची. गांडूळ तर एकबी न्हाय. म्हणं जास्त कसदार हुईल! बघ ये आता.

पयली गाडी घिऊन आलो तर वेशीतच माणसं आडवी. "हुसेन, मानमोडीची माती गावात आणतोस? उरलेल्यांना मारायचं हाय व्हय?" तुझा शिवाबी पुढं आला, डोकं भादरलेला. म्हणला, "काका, परत न्या. ह्या मातीनं बा रानातनं उठला. आता घरात काय आणताय?"

पोरगं खरंच बोलत हुतं.

गर्दीतनं कुणीतरी हसून म्हणलं, "आणू द्या रं. वर टाकली तरी पावसात खालीच येणार हाय, हुसेनच्या रानात. आयतीच की."

ग्यानबा, तू मेलास, पण तुझी म्हण जिती हुती. गावानं जपून ठिवलीती.

माझा हात चाबकाकडं गेलता. तेवढ्यात तानूवहिनी आली. मोकळं कपाळ घिऊन ती पयल्यांदाच चारचौघांत आलीती. बैलाच्या वेसणीला हात घातला अन् म्हणाली, "भावजी, गाडी थांबवू नगा. ह्या मातीपायी माझा नवरा मला कधी आख्खा मिळाला न्हाय. तिला आता माझ्या रानातच पडू दे. कुणाला भ्या वाटत असंल त्येनं दुसऱ्या वाटंनं जावं." अन् बैल घिऊन स्वतः पुढं चालायला लागली. एकाचीबी हिंमत झाली न्हाय. बाई म्हणून तू तिला चुलीपुढं बसवलंस, अन् तुझ्या रानाची लाज शेवटी तिनं राखली.

माती पसरली. बिरूला निरोप धाडला, त्यो आला, तुझं नाव काढून रडला, अन् मेंढरं बसवली. मी वाघरीच्या काठ्या सरकवत ऱ्हायलो, जरा हिकडं, जरा तिकडं. बिरूनं वाघरीचं दुसरं टोक धरलं. पाला वढून आणला. ताग पेरायला वहिनीनं बी राखून ठिवलंय. तुझ्याच तागाचं बी, मडक्यात राख घालून ठिवल्यालं. तिनं ते एवढी वर्सं मोडलं न्हवतं, तुला सांगितलंबी न्हवतं.

अन् मग मी बांधाला लागलो. पयला बांध हुता तसला न्हाय. त्येच्यापेक्षा रुंद, त्येच्यापेक्षा उंच. खिंडाराच्या जागी पाया खणून मोठं धोंडं बसवलं, सांदीसांदीत पाला कोंबला. पाणी झिरपंल, माती झिरपायची न्हाय. शिवा आधी लांबनं बघायचा. मग एक दिवस पहार घिऊन आला. कोपऱ्याचा धोंडा दोघांनी मिळून लोटला. धोंडा बसल्यावर म्हणला, "काका, एवढा उंच कशाला? तुमच्या रानाला थोडा गाळ येतोय त्यो बंद हुईल की."

मी म्हणलो, "बंदच करायचाय."

"नुकसान तुमचंच हाय."

"व्हय. माझंच हाय."

त्येला कळलं न्हाय. तुला कळंल. एवढी वर्सं तुझ्या रानाचं निवळून आलेलं मी खाल्लं, अन् माझ्या रानाचं खालच्यानं खाल्लं असंल, उतारावर असंच असतंय, त्यात कुणी कुत्रं नसतंय. हे तुला ठावं हुतं. ठावं असून बोललास. म्हणून आता तुझ्या मातीचा एक कण माझ्या रानात येणार न्हाय. झडी लागू दे, ढगफुटी हू दे. माझी नाचणी बारीक आली तर बारीक खाईन. चावडीपुढं जी माणसं हसली ती येऊन बघू द्यात, खाली नुसतं निवळ पाणी येतंय. अन् तू वरनं बघ, कुणाचं दळण कोण खातंय ते.

गेलेली माती परत येत नसती, असं मी म्हणलोतो. येती, असं तू म्हणलावतास. आता आलीय. निम्मी आलीय, मेल्यावानी आलीय, पण आलीय, अन् ती आणायला मलाच जावं लागलं. मला खोटं पाडायला मलाच राबवलंस. आता "बघ, आली का न्हाय?" म्हणून माझ्या पाठीवर थाप मारायला तू पाहिजे हुतास. तुझ्याशी हरायचं म्हणून मी खाणीत उतरलो, अन् जिंकायला तू जाग्यावर न्हाईस. ह्येच्यासारखी फसवणूक तू जितेपणी कधी केली न्हवतीस.

आज बांधाचा वरचा दगड बसवला. दिवस मावळतीला आलाय, वहिनी वरनं जेवायला हाक मारतीय, हात सोलपटून निघाल्यात. त्या दिवशी तू एक विचारलंतास अन् मी "न्हाय" म्हणलोतो. माफी हुती का हुकूम, मी आता विचारत न्हाय.

बुजलं रं, ग्यानबा. खिंडार बुजलं. आता तरी हिकडं तोंड कर.